वापरलेल्या अवजड यंत्रांतील सेन्सर-दोषांचे निदान : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात एक प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत मातीकामाची आणि खडक फोडण्याची जी यंत्रे चालतात, त्यांतील पुष्कळशी तिथे पोहोचण्यापूर्वी दुसरीकडे कुठेतरी काही हजार तास राबून आलेली असतात. मोठ्या प्रकल्पांची गोष्ट निराळी असते. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मुंबई महानगरपालिकेने बांधलेले सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण, किंवा जिल्ह्याच्या पश्चिम भागातली द्रुतगती मार्गाची आणि बुलेट ट्रेनची कामे, अशा ठिकाणी येणारा कंत्राटदार स्वतःची यंत्रे आणि स्वतःची कार्यशाळा घेऊन येतो व काम संपताच निघून जातो. मात्र पाड्यांना जोडणारे रस्ते, नळपाणी योजनांचे चर, डोंगरउतारावरील मजगी आणि बांधबंदिस्ती, शेततळी, विहिरींचे खोदकाम आणि पावसाळ्यात घाटात कोसळलेली दरड हटवणे ही कामे दोन प्रकारच्या यंत्रांवर अवलंबून असतात : एक बॅकहो लोडर, म्हणजे पुढे लोडरची आणि मागे खोदाईची बकेट असलेले, कोणत्याही कंपनीचे असले तरी 'जेसीबी' म्हणूनच ओळखले जाणारे यंत्र; आणि दुसरे साखळीपट्ट्यावर चालणारे एक्स्कॅव्हेटर, म्हणजे बोलीतले पोकलेन. त्यांचे मालक बहुधा एका किंवा दोन यंत्रांचे धनी असतात आणि ती यंत्रे त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने, बरेचदा कर्ज काढून, घेतलेली असतात. अशा मालकाच्या यंत्राच्या पडद्यावर एखादा एरर कोड उमटला आणि त्यापाठोपाठ इंजिन मंदावले, म्हणजे नाशिकहून किंवा घाट चढून खालच्या पट्ट्यातून सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंतचे दिवस बुडाले, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

सेन्सर म्हणजे तापमान, दाब, वेग, पातळी किंवा स्थान यांसारख्या भौतिक राशीचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा घटक. तो यंत्रांवर एकाएकी आलेला नाही. जुन्या बॅकहो लोडरमध्येही पाण्याचे तापमान आणि ऑइलचा दाब दाखवणारे एका तारेचे सेंडर होतेच. मात्र त्यांचे काम काटा हलवणे किंवा दिवा पेटवणे एवढेच होते आणि ते बिघडले तरी इंजिन चालत राहत असे, कारण इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक होता. एक्स्कॅव्हेटरमध्ये हायड्रॉलिक पंपाचे आणि इंजिनच्या वेगाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बॅकहो लोडरपेक्षा बरेच आधी आले. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम-यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेजच्या चौथ्या टप्प्याचे आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे उत्सर्जन-निकष लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर कॉमन रेल ही इंधनप्रणाली सर्वसाधारण बॅकहो लोडरपर्यंत पोहोचली. कॉमन रेलमध्ये डिझेल एका सामाईक नळीत अतिउच्च दाबाने साठवले जाते आणि नियंत्रक, म्हणजे ईसीएम नावाचा छोटा संगणक, ठरवील त्या क्षणी इंजेक्टरमधून सोडले जाते. तो क्षण ठरवण्यासाठी नियंत्रकाला क्रँकशाफ्टचा वेग, रेलमधील दाब, पाण्याचे तापमान, हवेचा दाब हे सारे सतत कळावे लागते. यांपैकी काही माहिती मिळेनाशी झाली तर नियंत्रक इंजिनची शक्ती कमी करतो, आणि क्रँकचा संकेतच नाहीसा झाला तर अनेक यंत्रांत इंजिन सुरूच होत नाही. या पिढीतली पहिली यंत्रे आता पहिल्या मालकाकडून सुटून वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात आली आहेत. म्हणजे ज्या भागात यांत्रिक पंपाची सवय असलेला मिस्त्री कानाने आणि हाताने दोष ओळखत आला, त्या भागात कानाला ऐकू न येणारे दोष आता नेहमीचे होणार आहेत.

या विषयातील सर्वांत महागडी चूक एका गैरसमजातून होते : पडद्यावर ज्या सेन्सरचे नाव आले तो सेन्सरच खराब झाला आहे, असे मानले जाते. नियंत्रकाला सेन्सर दिसत नाही. त्याला दिसतो तो केवळ स्वतःच्या एका पिनवरचा विद्युतदाब, आणि तो अपेक्षित मर्यादेबाहेर गेला की कोड नोंदवला जातो. त्या पिनपासून सेन्सरपर्यंतची तार, मधले तारा जोडणारे दोन-तीन कपलर, अर्थची जोडणी, सेन्सरला मिळणारा पुरवठा आणि शेवटी सेन्सर, यांपैकी कुठेही दोष असला तरी कोड त्याच सेन्सरच्या नावाने येतो. जे१९३९ या अवजड वाहनांसाठीच्या संदेश-प्रमाणकात प्रत्येक कोडचे दोन भाग असतात : एसपीएन, म्हणजे कोणत्या राशीबद्दल तक्रार आहे तो क्रमांक, आणि एफएमआय, म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे तो क्रमांक. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे पाण्याचे तापमान, १५७ म्हणजे रेलमधील दाब, १९० म्हणजे इंजिनचा वेग. सामान्यतः मिस्त्री हा पहिला क्रमांक वाचून थांबतात, पण निदानाला अधिक उपयोगी असतो तो दुसरा. एफएमआय ० किंवा १ याचा अर्थ संकेत विश्वासार्ह आहे आणि राशीच खरोखर मर्यादेच्या वर किंवा खाली गेली आहे, म्हणजे पाणी खरेच तापले आहे किंवा ऑइलचा दाब खरेच पडला आहे. अशा वेळी सेन्सर बदलणे व्यर्थ असते आणि इंजिन चालू ठेवणे धोक्याचे. एफएमआय ३ म्हणजे विद्युतदाब नको तितका जास्त, ४ म्हणजे नको तितका कमी, ५ म्हणजे मंडलातील प्रवाह तुटलेला किंवा फार कमी, आणि २ म्हणजे संकेत अस्थिर, कधी पटणारा तर कधी न पटणारा. सर्वच उत्पादक ही पद्धत पडद्यावर जशीच्या तशी दाखवत नाहीत, कित्येकांचे स्वतःचे कोड असतात. तरी राशी खरोखर बिघडली आहे की तिचा संकेत बिघडला आहे, हा भेद जवळजवळ सगळीकडे सापडतो.

हा भेद प्रत्यक्षात कसा वापरायचा हे पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरवरून सर्वांत स्पष्ट होते. तो बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो असा रोधक. नेहमीच्या एका प्रकारात २० अंश सेल्सिअसला सुमारे अडीच किलो-ओहम असलेला रोध ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. नियंत्रक आतल्या एका रोधकातून त्याला ५ व्होल्ट देतो आणि उरलेला दाब मोजतो. कपलर काढला की मंडल तुटते, पिनवर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि नियंत्रक त्याचा अर्थ शून्याखाली ४० अंशांसारखी अशक्य थंडी असा लावून दाब जास्त असल्याचा कोड देतो. वायरिंगच्या बाजूच्या कपलरमधील दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या की दाब शून्यावर येतो आणि दाब कमी असल्याचा कोड येतो. कपलर काढल्यावर आणि पिना जोडल्यावर कोड असा उलटसुलट पालटला, तर नियंत्रक, तारा आणि मधले सर्व कपलर ठीक आहेत हे सिद्ध होते व संशय फक्त सेन्सरवर उरतो. कोड पालटलाच नाही तर नवा सेन्सर आणूनही काही फरक पडणार नाही हे तितकेच सिद्ध होते. या परीक्षेला तारेच्या एका तुकड्यापलीकडे खर्च नाही. ती दोन तारांच्या थर्मिस्टरपुरतीच आहे, हे मात्र पक्के लक्षात ठेवले पाहिजे, कारण तीन तारांच्या सेन्सरमध्ये ५ व्होल्टची पुरवठा-तार अर्थला जोडली तर तिच्यावरची सारी यंत्रणा कोसळते.

तीन तारांच्या दाब-सेन्सरला एका तारेने ५ व्होल्ट मिळतात, दुसरी तार अर्थची असते आणि तिसरीवरून दाबाच्या प्रमाणात साधारणतः अर्धा ते साडेचार व्होल्टचा संकेत परत येतो. दोन्ही टोकांना अर्ध्या व्होल्टची जागा मुद्दाम सोडलेली असते. संकेत त्या जागेत शिरला तर ती राशी नसून दोष आहे, हे नियंत्रकाला त्यावरून कळते. म्हणून चावी चालू आणि इंजिन बंद असताना ऑइल-दाबाच्या सेन्सरची संकेत-तार अर्ध्या व्होल्टच्या आसपास असली पाहिजे, आणि तिथे शून्य किंवा पाच व्होल्ट मिळाले तर शोधाची दिशा लगेच ठरते. टर्बोच्या मागे बसवलेला हवेच्या दाबाचा सेन्सर बहुधा निरपेक्ष दाब मोजतो, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा : समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल आणि सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या जव्हारमध्ये ९६ च्या आसपास. पालघर किंवा बोईसरला तपासलेले यंत्र घाट चढून वर आल्यावर चार-पाच किलोपास्कल कमी दाखवू लागले तर त्यात दोष काहीच नाही. उलट, न दाखवले तरच शंका घ्यावी.

एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे कोड आले की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि यंत्र पाण्यात बुडाले होते का, विकणाऱ्याने फसवले का, इथपर्यंत विचार जातो. वस्तुतः हा प्रकार बहुतेकदा एकट्या कोडपेक्षा सोपा असतो. नियंत्रकाची ५ व्होल्टची पुरवठा-तार अनेक सेन्सरमध्ये वाटून दिलेली असते, आणि त्यांपैकी एका सेन्सरच्या आत किंवा एका ठिकाणी सोललेल्या तारेत ती अर्थला टेकली की त्या शाखेवरचे सगळे सेन्सर एकदम खोटे बोलू लागतात. अशा वेळी मीटर त्या तारेवर ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचे. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात तो दोषी, आणि सर्व काढूनही दाब परत आला नाही तर दोष तारेत किंवा नियंत्रकात. पाच कोडांसाठी पाच सेन्सर घेऊन ठेवणाऱ्यांची संख्या पाहता ही साधी पद्धत अजून पुरेशी रुजलेली नाही, असेच म्हणावे लागते.

वेगमापक सेन्सरांचे दोन प्रकार आहेत. दोन तारांचा प्रेरक सेन्सर म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली कॉइल. तिचा रोध काही शे ओहमपासून दीड हजार ओहमपर्यंत असतो आणि इंजिन फिरवले की तिच्यातून एसी दाब निघतो. तीन तारांचा हॉल सेन्सर पुरवठ्यावर चालतो आणि चौकोनी स्पंदने देतो; त्याचा रोध मोजण्यात अर्थ नसतो. दोन्हींच्या टोकाला झिजलेल्या धातूचा भुगा चिकटू शकतो, त्यामुळे सेन्सर बदलण्यापूर्वी तो काढून पुसून पाहणे हाच पहिला उपचार.

आता जव्हार-मोखाड्याच्या हवामानाकडे वळणे आवश्यक आहे, कारण इथले दोष उत्पादकाच्या मार्गदर्शिकेतील कोष्टकापेक्षा ऋतूंच्या क्रमाने अधिक समजतात. या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास आणि काही वर्षी त्याहून बराच अधिक पाऊस पडतो. आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, हा विरोधाभास इथल्या प्रत्येक विकासचर्चेत येतो. यंत्रांच्या बाबतीत या पावसाचा अर्थ असा, की जूनपासून दसरा-दिवाळीपर्यंत, दरडीचे काम सोडल्यास, बहुतेक यंत्रे ताडपत्रीखाली किंवा तीही नसताना उघड्यावर उभी राहतात. चालणारे यंत्र स्वतःच्या उष्णतेने स्वतःला वाळवत असते. उभे यंत्र वाळत नाही. कपलरचे रबरी सील कडक झालेले असले तर ओल आत शिरते, आणि सोललेल्या तारेच्या टोकातून ती तांब्याच्या बारीक धाग्यांमधल्या फटींतून, केशाकर्षणाने, बरेच अंतर आत सरकते. त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी तार आतून हिरवी पडून भुसभुशीत झालेली असते. तारेच्या आवरणात सुई खुपसून दाब मोजण्याची सवय याच कारणाने इथे विशेष घातक ठरते : कोरड्या मुलखात ते छिद्र वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहील, इथे एका पावसाळ्यात ते नव्या दोषाचे मूळ होते. कपलरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजणे हाच योग्य मार्ग, आणि तो वापरल्यावर सील पुन्हा नीट बसवणे तितकेच महत्त्वाचे. उभ्या यंत्रात उंदीर घर करतात, हे वेगळे सांगायला नको. दिवाळीनंतर पहिल्यांदा चावी फिरवण्यापूर्वी केबिनच्या मजल्याखाली आणि इंजिनच्या वरच्या बाजूला हात घालून वायरिंग चाचपणे हे कोणत्याही स्कॅनरच्या आधीचे काम आहे.

हिवाळ्यात या पठारावर दव पडते आणि दोषांचा दुसरा प्रकार दिसू लागतो : सकाळी कोड येतो, दहा वाजेपर्यंत नाहीसा होतो, आणि मिस्त्री पोहोचतो तेव्हा यंत्र उत्तम चालत असते. अशा तक्रारींत ओलावलेला कपलर किंवा त्यातली सैल पिन यांचा संशय आधी घ्यावा. याच्या उलट, दुपारी यंत्र पूर्ण तापल्यावर बंद पडणे आणि तासाभराने पुन्हा सुरू होणे हे क्रँक-सेन्सरची कॉइल उष्णतेने आतून सुटत असल्याचे लक्षण असू शकते. तेच लक्षण इंधनाच्या दोषाचेही असते, म्हणून बंद पडलेल्या क्षणी, थंड होण्याच्या आत, स्टार्टर फिरवताना नियंत्रकाला इंजिनचा वेग दिसतो आहे का, हे पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही. उन्हाळ्यात लाल मुरमाची धूळ बसते, ती धुण्यासाठी उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा कपलरवर मारला जातो, आणि कोरड्या महिन्यांत न शिरलेले पाणी अशा रीतीने शिरते.

या सर्वांहून फसवा दोष बेसॉल्टमुळे येतो. इथला काळा पाषाण बकेटने निघत नाही, त्यासाठी ब्रेकर लावावा लागतो, आणि त्याच्या ठोक्यांचे कंपन संपूर्ण यंत्रातून जाते. कपलरमधील नर आणि मादी पिना एकमेकींवर केसाच्या अंशाएवढ्या घासत राहतात, त्यांच्यावरचा कथिलाचा मुलामा झिजतो आणि झिजेच्या जागी ऑक्साइडचा पातळ थर साचतो. पिना डोळ्याला स्वच्छ दिसतात, पण मधूनमधून संपर्क तुटतो. आता असे समजा, की मिस्त्रीने जुना सेन्सर काढून नवा लावला. त्यासाठी त्याने कपलर काढला आणि पुन्हा बसवला, तेवढ्या घर्षणाने तो थर खरवडला गेला, कोड गेला, नव्या सेन्सरचे पैसे दिले गेले आणि जुना भंगारात पडला. पंधरा-वीस दिवसांनी कोड परत येतो, तेव्हा नवा सेन्सर 'डुप्लिकेट' निघाला, असा निष्कर्ष काढला जातो, आणि कधीकधी तोही बदलला जातो. या भागातील निरुपयोगी ठरवलेल्या सेन्सरांपैकी चांगले किती असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण ही साखळी लक्षात आली की एक नियम आपोआप पटतो : नवा सेन्सर लावून कोड गेला, तर जुना पुन्हा लावून पाहावा, कोड परत आला तरच जुना दोषी. हे करायला दहा मिनिटे लागतात, आणि ती देण्याची तयारी असणे किंवा नसणे यावरच निदान आणि अंदाज यांतला फरक उभा आहे.

विद्युत-निदानात अर्थच्या जोडणीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बॅटरीचे ऋण टोक, चॅसी, इंजिनचा ब्लॉक आणि केबिन यांना जोडणाऱ्या जाड पट्ट्या गंजल्या की परतीचा प्रवाह भलत्या वाटा शोधतो, आणि सेन्सरांच्या संकेतांची आधाररेषाच वर सरकते. मीटर लावून बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसले म्हणजे पुरवठा ठीक, असे समजणे चुकीचे आहे. डोंगरावरच्या पाड्यातला नळ बंद असेपर्यंत अर्धवट चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो आणि नळ उघडताच धार मंदावते, तसेच भार नसताना गंजलेली जोडणीही पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून मोजणी भाराखाली करावी लागते : मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून स्टार्टर फिरवावा, आणि तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर सेन्सरांचा विचार सोडून आधी पट्ट्या घासाव्यात. सेन्सरच्या अर्थ-तारेवर तर चावी चालू असताना व्होल्टचा दहावा भागही दिसू नये.

वापरलेल्या यंत्रात आणखी एक अडचण असते, जी नव्या यंत्रासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत सापडत नाही : त्याची वायरिंग आता आकृतीप्रमाणे उरलेली नसते. आधीच्या मालकांनी, चालकांनी आणि रस्त्याकडेच्या इलेक्ट्रिशियननी केलेल्या दुरुस्त्यांचे थर तिच्यावर असतात. फ्यूजच्या जागी तार, तुटलेल्या तारेच्या जागी दुसऱ्याच रंगाची तार, पिळून टेप गुंडाळलेले जोड, कोड बंद व्हावा म्हणून सेन्सरच्या जागी बसवलेला ठरावीक किमतीचा रोधक, आणि ज्याला सगळीकडे 'डायरेक्ट केले' असे म्हणतात तो प्रकार, म्हणजे स्विच किंवा रिले वगळून जोडलेली तार. रोधक बसवलेल्या यंत्राचा काटा कायम ८० अंशांवर स्थिर असतो, सकाळी थंड इंजिन सुरू करतानाही, आणि ते लक्षात न घेणाऱ्या खरेदीदाराचे इंजिन एके दिवशी काटा न हलता जळते. एक्स्कॅव्हेटरमध्ये डाव्या बाजूचा सुरक्षा-लिव्हर वर असताना हायड्रॉलिक बंद ठेवणारा स्विच डायरेक्ट केलेला असला, तर केबिनमध्ये चढताना कोपर नियंत्रण-लिव्हरला लागून बूम फिरू शकतो. चरात किंवा विहिरीच्या काठावर माणसे उभी असताना याचे परिणाम काय होतील हे सांगायला नको. सेन्सर वगळून यंत्र चालवण्याचे कौतुक जुगाड या नावाखाली बरेच होते. इंधनपातळीच्या सेन्सरबाबत ते समजून घेता येते, सुरक्षा-स्विचबाबत त्याला अपराधाहून सौम्य शब्द शोधणे कठीण आहे.

दुरुस्तीतूनच जन्मणाऱ्या दोषांत वेल्डिंगचा वाटा मोठा आहे. खडकात काम करून बकेटचे दात तुटतात, कडा फाटतात, आणि वेल्डिंग जागेवरच केले जाते. वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प यंत्राच्या दुसऱ्या टोकाला लावला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह बेअरिंगांतून आणि वायरिंगमधून वाट काढतो. क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेला लागून लावणे, बॅटरी सोडवणे आणि उत्पादकाने सांगितले असेल तिथे नियंत्रकाचे कपलर काढणे, एवढे केले की हा धोका टळतो. बंद पडलेल्या यंत्राला ट्रकच्या बॅटरीने सुरू करताना तारा उलट्या लागणे, किंवा इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढणे, यांनीही नियंत्रक कायमचा जाऊ शकतो, आणि त्याची किंमत जुन्या यंत्राच्या मालकाला पेलणारी नसते.

नियंत्रक एकमेकांशी कॅन या दोन पिळलेल्या तारांच्या जाळ्यातून बोलतात. त्याची पहिली परीक्षा सोपी आहे. बॅटरी सोडवून निदानाच्या कपलरवर त्या दोन तारांमधील रोध मोजावा; दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असल्याने तो ६० च्या आसपास असतो. १२० आला तर एक टोक तुटलेले आहे, शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना टेकलेल्या आहेत. पडद्यावर आकडेच न येणे किंवा सर्व नियंत्रकांचे 'संपर्क नाही' असे कोड एकदम येणे, ही या जाळ्यातल्या दोषाची चिन्हे.

वरील बहुतेक परीक्षांना चांगला डिजिटल मल्टिमीटर, बारीक पिना, यंत्राची वायरिंग-आकृती आणि वेळ एवढेच लागते. स्कॅनरची गरज कोड आणि चालू आकडे वाचण्यापुरती असते. उत्सर्जन-यंत्रणेच्या पाचव्या टप्प्यातील काही कामे, उदाहरणार्थ काजळी-गाळणीचे सक्तीचे शुद्धीकरण किंवा इंजेक्टर बदलल्यावर त्याचा क्रमांक नियंत्रकात भरणे, उत्पादकाच्या सॉफ्टवेअरशिवाय सहसा होत नाहीत, आणि स्वतंत्र मिस्त्रीच्या वाट्याचे क्षेत्र त्यामुळे आक्रसत जाणार हे मान्य करावे लागेल. आकृती मिळवणे हीच आजची खरी अडचण आहे. ती इंग्रजीत असते हा अडथळा दुय्यम आहे, कारण तारांचे क्रमांक आणि रंगांची अक्षरे कुणालाही आठवडाभरात वाचता येतात.

या साऱ्याचा उपयोग दुरुस्तीइतकाच खरेदीच्या वेळी होतो, किंबहुना तिथे तो अधिक पैसे वाचवतो. यंत्र पाहायला सकाळी लवकर जावे आणि विक्रेत्याला ते आधी सुरू न करण्याबद्दल बजावावे. इंजिनला हात लावून ते रात्रभर थंड होते याची खात्री केल्यावर चावी फक्त चालू करावी. सर्व इशारा-दिवे आधी पेटले पाहिजेत आणि मग, काही इंजिन सुरू झाल्यावर, विझले पाहिजेत. जो पेटलाच नाही तो बहुधा काढून टाकलेला आहे. स्कॅनरवर पाणी, आत येणारी हवा आणि हायड्रॉलिक ऑइल यांची तापमाने वाचावीत : रात्रभर उभ्या यंत्रात ती तिन्ही बाहेरच्या हवेशी आणि एकमेकांशी दोन-चार अंशांच्या आत जुळतात, आणि जे जुळत नाही तिथे सेन्सर, त्याची तार किंवा कुणीतरी बसवलेला रोधक शोधावा. त्यानंतर हायड्रॉलिक ऑइल पूर्ण तापेपर्यंत यंत्र भाराखाली चालवावे, कारण उष्णतेत सुटणारे दोष अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात सापडत नाहीत. शेवटी साठवलेले जुने कोड पाहावेत. सौद्याच्या आदल्या दिवशी ते पुसलेले असू शकतात, आणि इतक्या जुन्या यंत्राची स्मृती पूर्ण कोरी असणे हीसुद्धा एक माहितीच आहे. अनेक नियंत्रक प्रत्येक कोडबरोबर तो किती वेळा आला आणि शेवटचा कितव्या तासाला आला याचीही नोंद ठेवतात. एखाद्या कोडसमोर ११,४०० तासांची नोंद असताना डॅशबोर्डवरचा तासमीटर ६,२०० दाखवत असेल, तर मीटर किंवा नियंत्रक यांपैकी एक तरी बदललेला आहे, आणि किमतीची बोलणी तिथून नव्याने सुरू करावी लागतात.